आमेनच्या आधी

मुलगा अकरा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. रात्रीची जेवणं आटोपून आम्ही चौघं प्रार्थनेला बसलो होतो. माझी पाळी आली. मी डोळे मिटले, आवाज मऊ केला आणि सुरुवात केली, ‘हे प्रभू, याला अभ्यासाची गोडी लाव. मोबाईल बाजूला ठेवण्याचं सामर्थ्य दे. आईवडिलांना उलट न बोलण्याची बुद्धी दे. आज दुपारी जे झालं ते पुन्हा होऊ नये...’ अशी बरीच लांबण लावली. आमेन म्हटलं. पुढची पाळी त्याची. त्याने शांतपणे प्रार्थना केली, ‘प्रभू येशू, आईला जे म्हणायचंय ते तिने मलाच सांगावं. तुला मध्ये घालू नये. आमेन.’

सगळ्यात मोठ्याने आमेन म्हटलं ते माझ्या नवऱ्याने.

त्या रात्री मी चिडले होते, हे कबूल करते. ‘प्रार्थनेत असं बोलतात का?’ वगैरे झालंच. पण भांडी घासताना त्याचं वाक्य डोक्यातून जाईना, कारण तो म्हणत होता ते खरं होतं. आम्हा प्रॉटेस्टंटांच्या घरात हा रोग जुना आहे. घरची प्रार्थना आपल्या शब्दांत करायची मुभा आम्हाला आहे, आणि त्या मुभेचा सर्रास वापर आम्ही टोमणे मारायला करतो. सासू सुनेसाठी प्रार्थना करते, सून सासूसाठी. मिटिंगमध्ये एखादे बंधू ‘काही जण उशिरा येतात, त्यांना वेळेचं भान दे’ अशी विनंती थेट स्वर्गाकडे पाठवतात. उलट उत्तर देता येत नाही, कारण सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात.

मी वाढले नगरमध्ये. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे 1831 साली सुरू झालं, त्यामुळे चार-चार, पाच-पाच पिढ्या ख्रिस्ती असलेली घरं आमच्या ओळखीत पुष्कळ. संध्याकाळी दिवेलागणीनंतर सतरंजी अंथरली जायची. आजी भिंतीला टेकून, पप्पा पेटीवर, आई स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे वरणावर लक्ष राहील अशी. पेटीचा एक स्वर दाबला की उठायचाच नाही, त्याला बोटाने वर करावं लागे, आणि ते काम माझ्याकडे होतं. ‘उपासना संगीता’तली दोन गाणी, मग पवित्र शास्त्रातला एक अध्याय, प्रत्येकाने आळीपाळीने एक-एक वचन वाचायचं. आम्ही भावंडं आधीच वचनं मोजून आपल्या वाट्याला कोणतं येतंय ते हेरून ठेवायचो. मत्तयाचा पहिला अध्याय लागला की घाम फुटे. यहोशाफाट आणि जरुब्बाबेल ज्याच्या वाट्याला येतील त्याची फजिती ठरलेली. एकदा भावाने मधल्या दोन पिढ्या गाळल्या. आजीला अक्षर लागत नव्हतं, पण वंशावळ तोंडपाठ होती. तिने त्याला थांबवून दोन्ही बाप परत जागेवर बसवले.

ती गाणी आम्हाला गाणी वाटायची, धडा नाही, याचं श्रेय नारायण वामन टिळकांचं. त्यांच्या आधी आमच्या उपासनेत बरीचशी विलायती चालींवर बसवलेली भाषांतरं होती, मराठी शब्द त्या चालीत कोंबलेले. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली. शंभराहून अधिक गीतं त्यांनी दिली, आणि आजीसारख्या निरक्षर बाईला ती एकदा ऐकून पाठ व्हायची. तिला जात्यावरची चाल आधीपासून येतच होती.

पण मला या सगळ्यापेक्षा एक संध्याकाळ जास्त आठवते. पप्पांच्या खुंटीवरच्या शर्टातून दहा रुपये गेले होते. महिन्याची अखेर, मास्तरकीचा पगार, दहा रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. संशय धाकट्या भावावर, कारण आदल्या दिवशी त्याने भोवऱ्यासाठी पैसे मागितले होते. त्याने नाही म्हटलं, पप्पांनी त्याला मारलं. संध्याकाळी आईला रेशनकार्डात ती नोट सापडली. पप्पांनीच ठेवली होती.

सतरंजी अंथरली. आम्हाला वाटलं, आता प्रार्थनेत काहीतरी येणार. पप्पांनी पेटी उघडली नाही. ते भावाकडे वळले आणि म्हणाले, ‘चुकलो रे मी. तुझं ऐकायला पाहिजे होतं.’ भाऊ रडायला लागला, मार खाताना रडला नव्हता तितका. आजी पुटपुटली, ‘झालं, झालं, लेकरा.’ मग पप्पांनी डोळे मिटले. त्या दिवशी त्यांनी काय प्रार्थना केली, ते मला एक अक्षर आठवत नाही.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूचं एक सांगणं आहे. वेदीपाशी अर्पण आणलं असेल आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे तिथे आठवलं, तर अर्पण तसंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. लहानपणापासून कितीदा वाचलं असेल. पण क्रम लक्षात घेतला नव्हता. आधी भाऊ, मग वेदी. पप्पांनी त्या संध्याकाळी तो पाळला होता, आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा मला तेच सुनावत होता, संदर्भ न देता.

नंतर एकदा तो अध्याय आमच्या वाचनात आला. मुलगा इंग्रजी माध्यमातला, मराठी वाचतो पण अडखळत. मध्येच थांबून त्याने विचारलं, ‘समेट म्हणजे काय?’ मी म्हटलं, ‘कट्टी सोडून बट्टी करणं.’ तो म्हणाला, ‘मग असंच लिहायचं ना.’ मला पंडिता रमाबाई आठवल्या. तेव्हाचं मराठी बायबल संस्कृतच्या ओझ्याने वाकलेलं, साध्या बायकांना कळत नाही, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्वतः अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. 1922 साली त्या गेल्या, त्याआधी काम पुरं केलं. छपाई तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायका-मुलींच्या हातची. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळवलेली बाई आयुष्याची शेवटची वर्षं मराठी सोपं करण्यात घालवते, आणि आम्ही मात्र ‘अनुताप’ आणि ‘नीतिमान’ मुलांच्या ताटात वाढतो, आणि मुलं जेवत नाहीत म्हणून तक्रार करतो.

तक्रार करायला आमच्याकडे हक्काची जागाही आहे. रविवारची शाळा. ‘संडे स्कूलला जातो ना, शिकेल तिथे.’ मीही हेच केलं. थोरलीला दर रविवारी सोडायचं, तासाने आणायचं. तिला सोनेरी वचनं पाठ, स्पर्धेत बक्षिसं, पुस्तकांची नावं उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एका दमात. घरी मात्र प्रार्थना आठवड्यातून एकदा, तीही पाहुणे आले तर. वास्तविक ही शाळा रॉबर्ट रेक्सने 1780 साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला सुरू केली ती वेगळ्याच मुलांसाठी. आठवड्याचे सहा दिवस कामावर राबणारी, रविवारी रस्त्यावर मोकाट असणारी गरीब पोरं. त्यांना लिहा-वाचायला कोणी शिकवणारं नव्हतं, म्हणून ही सोय. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी, 1529 साली, मार्टिन ल्यूथरने लहान प्रश्नोत्तरावली लिहिली. खेडोपाडी फिरताना लोकांना दहा आज्ञासुद्धा येत नाहीत हे पाहून तो हादरला होता. त्या पुस्तकातल्या भागांच्या डोक्यावर त्याने लिहून ठेवलं, हे घरातल्या कर्त्याने आपल्या घरच्यांना कसं शिकवावं. पाळकाने नव्हे, घरच्या कर्त्याने. आम्ही ल्यूथरचं नाव अभिमानाने घेतो आणि मुलांना गेटवर सोडून भाजी आणायला जातो.

मागे ऑक्टोबरात वसईला एका कॅथलिक मैत्रिणीकडे मुक्काम होता. ऑक्टोबर म्हणजे त्यांचा जपमाळेचा महिना. संध्याकाळी सगळं घर वेदीसमोर गुडघ्यांवर. पन्नासाहून अधिक वेळा नमो मरिया. तिसऱ्या रहस्यापर्यंत धाकटं नातवंड पेंगायला लागलं, आजीने एका हाताने माळ आणि दुसऱ्या हाताने त्याचं डोकं धरलं. शेवटी मुलांनी एकेका मोठ्या माणसापाशी जाऊन आशीर्वाद घेतला. आमच्या लोकांना हा जप पोपटपंची वाटतो, मलाही वाटायचा. त्या दिवशी वेगळंच जाणवलं. ठरलेल्या शब्दांत टोमणा मारता येत नाही! मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसली, ‘अगं, टोमणे आम्ही माळ झाल्यावर मारतो.’ त्यांच्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं, आणि आईवडील हे मुलांचे पहिले उपदेशक, शब्दाने आणि वागण्याने, असंही. यातला ‘वागण्याने’ हा शब्द कॅथलिक असो की प्रॉटेस्टंट, सगळ्यांनाच महाग पडतो.

एवढं करून मुलं विश्वासात टिकतात का? कन्व्हेन्शनच्या व्यासपीठावर ‘अमुक केलंत तर तुमची मुलं कधी बहकणार नाहीत’ असं छातीठोक सांगणारे वक्ते मी पुष्कळ ऐकले. त्यांनी शमुवेलाचं पुस्तक पुन्हा वाचावं. एली याजकाच्या हाताखाली दुसऱ्याचा मुलगा, शमुवेल, संदेष्टा झाला, आणि एलीची सख्खी मुलं मंदिरातलं अर्पण ओरबाडून खाणारी निघाली. बरं, शमुवेलाने तरी धडा घ्यावा, तर त्याचे दोन्ही मुलगे न्यायाधीश होऊन लाच खायला लागले. पवित्र शास्त्र ही गोष्ट झाकत नाही. मग आपण का झाकायची?

आमची थोरली सध्या दुसऱ्या शहरात शिकते. चर्चला फारशी जात नाही. विचारलं की ‘बघते गं’ म्हणते. पहिलं वर्षभर मी दर रविवारी फोन करून चौकशी करायची, त्यामुळे रविवारी ती फोन उचलेनाशी झाली. तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढून वाचली. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधली वर्षं आधी ताटातूट, मग एका छपराखाली दोन धर्म. त्या नवऱ्याकडे परतल्या तेव्हा आपलं सोवळं बरोबर घेऊन. टिळक तापट माणूस, घरात भांडणं कमी नव्हती, आणि लक्ष्मीबाई ती अशा काही सांगतात की आपण हसतो. पण बायकोचं सोवळं त्यांनी मोडायला लावलं नाही. ते तिने तिच्या हाताने, तिच्या विचाराने, तिच्या वेळेला सोडलं. अख्ख्या महाराष्ट्राला ऐकवणारा कवी स्वतःच्या घरात वाट बघू शकत होता. मी रविवारचा फोन बंद केला. आता ती बुधवारी करते. तिच्या मेसच्या जेवणाविषयी बोलते, मैत्रिणींविषयी बोलते. परवा तिने सहज विचारलं, आजी म्हणायची त्या गाण्याची चाल तुला येते का, पेटीवर वाजवून पाठव. का हवी ते मी विचारलं नाही. मोठ्या कष्टाने विचारलं नाही.

मुलाच्या त्या प्रार्थनेनंतर आमच्या घरी एक नियम आला, तोही त्यानेच सुचवलेला. प्रार्थनेआधी पाच मिनिटं, ज्याचं ज्याच्याशी काही असेल त्याने ते तोंडावर सांगायचं, देवाला निरोप्या करायचं नाही. कोणाची चूक असेल तर त्याने ती डोळे उघडे ठेवून कबूल करायची. मोठ्यांनासुद्धा लागू. पहिल्या आठवड्यात माझ्याच नावावर चार गोष्टी निघाल्या आणि नवऱ्याच्या नावावर एक, हे मला अन्यायाचं वाटलं, तेही मी त्या पाच मिनिटांत सांगितलं.

काल ही पाच मिनिटं पावणेअकरापर्यंत चालली. प्रार्थना दोन वाक्यांची झाली, आणि पेटी काढायची राहूनच गेली.