खड्ड्यातले दर्दी

दर्दी माणसाशी वाद घालू नये म्हणतात. पण एका बाबतीत माझा नाइलाज होतो. बाब आहे कॅनडाच्या नील यंगची आणि त्याच्या 'हार्वेस्ट' या रेकॉर्डची. ही फेब्रुवारी 1972 मध्ये निघाली, त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यांत जास्त चालली, आणि तेव्हापासून दर्द्यांच्या पंक्तीतून उठली ती उठलीच. ही मंडळी नील यंगवर जीव टाकतात. फक्त लोकांना आवडलेली त्याची रेकॉर्ड तेवढी त्यांना चालत नाही. "मला 'हार्वेस्ट' आवडते" असं म्हणून बघा. हापूस आंब्यावर साखर मागितल्यासारखे तुमच्याकडे बघतील.

थोडा दोष खुद्द नीलबुवांचाही आहे. 1977 साली 'डिकेड' नावाचा संग्रह काढताना त्यानं लिहून ठेवलं, की 'हार्ट ऑफ गोल्ड' या गाण्यानं मला रस्त्याच्या मधोमध आणून सोडलं. तिथं कंटाळा आला म्हणून मी गाडी कडेच्या खड्ड्यात घातली. हाडं खिळखिळी झाली, पण माणसं मजेची भेटली. झालं! भक्तांनी एवढंच वाक्य कानात अत्तराच्या फायासारखं खोचून ठेवलं. 'टाइम फेड्स अवे' (1973), 'ऑन द बीच' (1974) आणि 'टुनाइट्स द नाइट' (1975) या पुढच्या तीन रेकॉर्डींना 'खड्ड्याची त्रयी' हे नाव कायमचं पडलं. तिन्ही फार चांगल्या आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते खड्ड्यात सतरंजी अंथरून, रस्त्यानं जाणाऱ्याला नावं ठेवत बसलेल्यांशी. (आमच्या गावात रस्ता आणि खड्डा अशी दोन निराळी खाती नाहीत, त्यामुळे हा सगळा वाद मला आधी समजायलाच वेळ लागला.)

यांचा मुख्य आरोप असा, की 'हार्वेस्ट' गुळमट आहे. बाजाराकडे डोळा ठेवून केलेली आहे. आता खरी हकिगत ऐका. पठ्ठ्याची पाठ धरली होती! मणक्याची चकती सरकलेली, पुढं ऑपरेशनही झालं. जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून उभं राहणं अशक्य, म्हणून कमरेला पट्टा बांधून, हलकी लाकडी गिटार मांडीवर घेऊन त्यानं बरीचशी गाणी म्हटली. रेकॉर्ड एवढी मवाळ होण्याचं हे मोठं कारण, असं 1975 मध्ये त्यानं स्वतःच मुलाखतीत सांगितलं. ज्याला कधी उसण भरली आहे त्याला हे लगेच पटेल. टीकाकारांच्या पाठी बहुधा धडधाकट असाव्यात.

आणि बाजारासाठी कोणी अशी तयारी करतो का? फेब्रुवारी 1971 मध्ये हा नॅशव्हिलला गेला तो जॉनी कॅशच्या टेलिव्हिजन कार्यक्रमासाठी. तिथं हाताला लागतील ते वादक गोळा केले. ड्रम वाजवायला केनी बट्री, म्हणजे त्या गावचा नावाजलेला हात. तर त्याला तंबी, की उजवा हात आवर, झांजा नकोत! आपल्याकडे एखाद्या तबलजीला "आज नुसता डग्गा" म्हणून बघा, गवई बैठकीतून सुखरूप घरी जाणार नाही. त्याच कार्यक्रमाला आलेले जेम्स टेलर आणि लिंडा रॉनस्टॅट हेही साथीला उभे केले. टेलरनं 'ओल्ड मॅन'मध्ये सहा तारांचा बँजो वाजवला. हे गाणं नीलनं नव्यानं घेतलेल्या कॅलिफोर्नियातल्या जमिनीवरच्या राखणदारावरून सुचलं. एवढ्याशा पोराकडे एवढी जमीन आली कुठून, असं त्या म्हाताऱ्यानं विचारलं होतं. आमच्याकडे हा प्रश्न तलाठी विचारतो आणि त्यावर गाणं होत नाही.

त्याच जमिनीवरच्या कोठारात काही गाणी मुद्रित झाली. ग्रॅहम नॅश सांगतो, की ती ऐकवायला नीलनं त्याला होडीत बसवून तळ्याच्या मधोमध नेलं. डावीकडचा आवाज अख्ख्या घरातून आणि उजवीकडचा अख्ख्या कोठारातून! काठावरून एलियट मेझर या निर्मात्यानं विचारलं, कसं वाटतंय? नील ओरडला, "कोठार वाढव!" असल्या माणसाला हिशेबी म्हणायचं तर वेड्यांसाठी दुसरा शब्द शोधावा लागेल.

सगळंच चांगलं आहे असं मी म्हणत नाही. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन केलेली दोन गाणी म्हणजे झुणका-भाकरीवर चांदीचा वर्ख. त्यातलं 'देअर्स अ वर्ल्ड' लागलं की मी चहा टाकायला उठतो. परतेपर्यंत संपलेलं असतं.

पण ज्या खड्ड्याची ही मंडळी यात्रा भरवतात, तो याच रेकॉर्डवर खणायला घेतलेला आहे. दुसरी बाजू, शेवटून दुसरं गाणं. 'द नीडल अँड द डॅमेज डन'. जानेवारी 1971 मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात श्रोत्यांसमोर म्हटलेलं, एक गिटार, एक आवाज, जेमतेम दोन मिनिटं. हेरॉइनच्या सुईनं नेलेल्या माणसांचं गाणं. आणि नजरेसमोर होता डॅनी व्हिटन, 'क्रेझी हॉर्स'मधला त्याचा गिटारवाला दोस्त. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा डॅनी जिवंत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दौऱ्याच्या तालमीला त्याला बोलावलं. त्याला वाजवता येईना. नीलनं पन्नास डॉलर आणि विमानाचं तिकीट देऊन त्याला परत पाठवला. त्याच रात्री तो गेला. वय 29.

हे गाणं लाखो घरांत वाजलं. ज्यांना 'गुळमट' आवडतं त्यांच्याच घरांत. आता याला हलकं म्हणायचं कशावरून? सुरात म्हटलं म्हणून? दुःख बेसूर झालं तरच खरं, असा एक कायदा या लोकांनी करून ठेवला आहे. डॅनीसाठी 'टुनाइट्स द नाइट'मध्ये फुटलेला गळा अस्सल, आणि तो जिवंत असताना त्याच्यासाठी सावरून म्हटलेलं ते बाजारू!

1992 मध्ये नीलनं नॅशव्हिलच्या त्याच जुन्या मंडळींना हाका मारल्या आणि 'हार्वेस्ट मून' काढली. तीच लाकडी गिटार, तेच टेलर आणि रॉनस्टॅट मागं गायला. गाडी रस्त्याच्या पार मधोमध. आमच्या ओळखीच्या एका खड्डावासी गृहस्थांना मी यावर मत विचारलं. त्यांच्याकडे ही रेकॉर्ड आहे, आणि ती चांगली घासलेली आहे.

"ते वेगळं," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.