विश्लेषण : वाफेचे इंजिन वऱ्हाडात जरूर धावावे, पण मेळघाटात नको

सोनाळा, टुनकी किंवा संग्रामपूरच्या माणसाला मुंबई-नागपूर मार्गावरची गाडी धरायची असेल, तर आधी एसटीने किंवा मिळेल त्या वाहनाने शेगाव गाठावे लागते. जवळच सातपुड्याच्या डोंगरात अकोला-खंडवा मीटरगेजचा जुना घाटमार्ग मात्र गाडीविना पडून आहे. या मार्गाचा विषय निघाला, की दोन इच्छा एका दमात बोलल्या जातात. एक, पायथ्याच्या गावांना ब्रॉडगेज गाडी मिळावी. दुसरी, जुन्या घाटातून पर्यटकांसाठी वाफेच्या इंजिनाची वारसा गाडी धावावी. पहिली इच्छा गरजेची आहे, दुसरी हौसेची. हौस वाईट नसते. पण तिची जागा आणि तिचा खर्च नीट तपासावा लागतो.

जुना मार्ग थांबला कशामुळे?

रुंदीकरणासाठी अकोला-खंडवा मीटरगेज गाडी २०१७ च्या सुमारास बंद झाली. त्यातील अकोला ते अकोट हा ४४ किलोमीटरचा टप्पा ब्रॉडगेज झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. अकोटच्या पुढे आमला खुर्दपर्यंतचा टप्पा मात्र अडला, कारण जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील वान अभयारण्यातून जातो. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते.

मार्ग जुनाच आहे, फक्त रूळ रुंद करायचे आहेत, अशी एक बाजू होती. वन्यजीव अभ्यासकांचा आक्षेप वेगळा होता. दिवसाकाठी मोजक्या, संथ मीटरगेज गाड्या जाणे वेगळे आणि रात्रंदिवस भरधाव, जड ब्रॉडगेज गाड्या जाणे वेगळे. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून जंगलाबाहेरच्या पर्यायी मार्गाची मागणी केली. हिवरखेड, सोनाळा, टुनकी, जामोद अशा गावांजवळून जाऊन पुढे मध्य प्रदेशात खकनार, तुकईथडकडे वळणारा हा मार्ग. तो जुन्यापेक्षा सुमारे तीस किलोमीटरने लांब पडतो, पण वाटेत जंगलाऐवजी माणसांची गावे येतात. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांचा खरा लाभ त्यातच आहे.

मग घाटाचे एवढे आकर्षण का?

कारण धुळघाटचा वळसा. रेल्वेला मोटारीसारखा तीव्र चढ चालत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते. म्हणून थोड्या जागेत उंची गाठायची असेल, तर रूळ डोंगराभोवती फिरवून पुन्हा स्वतःच्याच वरून न्यावे लागतात. धुळघाटजवळ रुळांनी असाच फेरा घेतला आहे. गाडीतला प्रवासी खिडकीतून खाली पाहायचा, तर काही वेळापूर्वी ओलांडलेलेच रूळ त्याला दिसायचे. अभियांत्रिकीचा हा नमुना जपलाच पाहिजे. मात्र वास्तू जपणे आणि तिच्यावर इंजिन चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाफेचे इंजिन चालवायला काय लागते?

डिझेल इंजिन कळ दाबून सुरू होते. वाफेचे इंजिन ‘उठवावे’ लागते. थंड बॉयलर एकदम तापवला, तर पोलाद असमान फुगते आणि सांधे सैल पडतात. म्हणून धीम्या आचेवर कित्येक तास आधी आग पेटवावी लागते. गाडी सकाळची असेल, तर फायरमनची रात्र शेडमध्येच जाते. फेरी संपल्यावर राख काढणे, फायरबॉक्स झाडणे, बॉयलर ठरावीक मुदतीने धुणे ही कामे असतातच. बॉयलरमधील पाण्याची पातळी फायरबॉक्सच्या छताखाली गेली, तर ते छत उघडे पडून तापते आणि स्फोट होऊ शकतो. त्यामुळे पातळी दाखवणाऱ्या काचेवरून नजर हटवून चालत नाही.

असे काम पुस्तक वाचून येत नाही. चित्तरंजनच्या कारखान्यातून शेवटचे वाफेचे इंजिन १९७२ मध्ये बाहेर पडले. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित सेवा डिसेंबर १९९५ मध्ये संपली. तेव्हा ऐन विशीत असलेला फायरमन आज पन्नाशीपलीकडे आहे. त्याच्या हाताखाली नवी मुले तयार झाली नाहीत, तर इंजिन शाबूत राहील आणि ते चालवणारे हात उरणार नाहीत. सुटे भागही बाजारात मिळत नाहीत. एकेक भाग घडवून घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये वारसा मार्गांवरील इंजिनांचे बॉयलर साधारण दहा वर्षांनी पूर्ण उतरवून तपासतात. तेवढा पैसा जमेपर्यंत अनेक इंजिने उभीच राहतात.

खारपाणपट्ट्यात गोडे पाणी कुठून?

सर्वांत मोठी अडचण पाण्याची आहे. इंजिनाला एका फेरीत हजारो लिटर पाणी लागते आणि तेही मऊ. पाणी उकळून वाफ जाते, क्षार मागे उरतात. ते नळ्यांवर थर धरतात, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाहीत आणि पोलाद जळू लागते. पाणी खारे असेल तर बॉयलरमध्ये फेस येतो, वाफेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जाते आणि यंत्राची मोडतोड होते.

संग्रामपूर, शेगाव, जळगाव जामोद, अकोट हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. जे भूजल माणसाला पचत नाही, ते बॉयलरलाही पचणार नाही. संग्रामपूर-जळगाव जामोद भागातील १४० गावांची पाणीपुरवठा योजना वान धरणाच्या भरवशावर आहे. त्या पाण्याच्या प्रत्येक थेंबावर आधीच अनेकांचा हक्क आहे. तिथे पर्यटक गाडीचा टेंडर भरण्यासाठी आणखी एक नळ जोडायचा का, याचे उत्तर गावकऱ्यांना विचारले तर ते लगेच मिळेल.

दुसरी अडचण आगीची. कोळशाच्या इंजिनाच्या धुराड्यातून ठिणग्या उडतात. जाळी बसवून त्या कमी करता येतात, पूर्ण थांबवता येत नाहीत. मेळघाट हे पानझडी सागाचे जंगल आहे. उन्हाळ्यात जमिनीवर वाळल्या पानांचा थर असतो आणि वणवा लागू नये म्हणून वनविभाग जाळरेषा काढत असतो. अशा जंगलातून निखारे घेऊन जाणारी गाडी नेणे शहाणपणाचे नाही. निलगिरीच्या डोंगरी मार्गावर तेलावर चालणारी वाफेची इंजिने आहेत, पण तिथे गाडी अखंड चालत आली आहे, प्रवासी आहेत आणि तिरुचिरापल्लीचा गोल्डन रॉक कारखाना पाठीशी आहे.

इतर ठिकाणी काय केले?

याच खंडवा मार्गाच्या वरच्या भागात, इंदूरजवळ, पातालपाणी ते कालाकुंड या घाटात डिसेंबर २०१८ पासून मीटरगेजची वारसा गाडी सुरू झाली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, बोगदे आणि धबधबा ही आकर्षणे, पर्यटक इंदूर-महूचे. विशेष म्हणजे ती गाडी डिझेल इंजिन ओढते. नेरळ-माथेरानची १९०७ पासूनची गाडीही १९८० च्या दशकापासून डिझेलवरच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एकता नगर-अहमदाबाद मार्गावर आलेल्या वारसा गाडीचे इंजिन दिसायला वाफेचे, पण चालते विजेवर.

खरी वाफ जिवंत ठेवायची, तर हरियाणातील रेवाडीच्या शेडसारखी व्यवस्था लागते. तिथे ब्रॉडगेज आणि मीटरगेजची जुनी इंजिने चालत्या स्थितीत ठेवली जातात. १८५५ मध्ये बनलेली ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा धावली. अशा यशामागे शेड, कारागीर, जवळचे मोठे शहर आणि मोजक्याच फेऱ्या असे गणित असते.

मग वऱ्हाडात जागा कोणती?

ती बुलढाणा जिल्ह्यातच आहे : जलंब-खामगाव. कापसाच्या पेठेसाठी टाकलेला हा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्या वेळी खामगावला आले होते. मार्ग सपाट, ब्रॉडगेज आणि चालू आहे. नवा रूळ टाकायचा नाही, जंगल तोडायचे नाही. जलंबच्या शेजारचे स्थानक शेगाव. संत गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारे भाविक वर्षभर तिथे असतात. वर्षातून ठरावीक दिवशी रेवाडीहून एखादे ब्रॉडगेज इंजिन आणून, प्रक्रिया केलेले पाणी टँकरने पुरवून आणि फाट्यावर मंद वेगाने फेऱ्या मारून, मोठ्या भांडवलाशिवाय प्रयोग करता येईल. तो फसला तर इंजिन परत जाईल, नुकसान थोडे होईल. यशस्वी झाला तर कापसाच्या इतिहासालाही उजाळा मिळेल.

मूर्तिजापूरची ‘शकुंतला’ हा दुसरा पर्याय अनेकांच्या मनात येतो. अडीच फुटी रुळांवरच्या या गाडीचे मँचेस्टरचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. पण अचलपूर-यवतमाळच्या लोकांची पहिली मागणी रोजच्या प्रवासाच्या गाडीची आहे. ती डावलून वारसा उभा करणे म्हणजे उपाशी माणसाला जुन्या ताटाचे नक्षीकाम दाखवणे.

आधी काय व्हावे?

हाच न्याय संग्रामपूरलाही लागू होतो. पर्यायी ब्रॉडगेज मार्गाचे काम, भूसंपादनाचा मोबदला आणि स्थानकांच्या जागा यांचा निर्णय वेळेत होणे ही पहिली गरज आहे. सोनाळ्याची संत्री आणि टुनकीचा कापूस गाडीत चढला, अकोल्याला शिकणारी मुलगी संध्याकाळी रेल्वेने घरी परतली, तरच या भागात रेल्वे आली असे म्हणता येईल. नवा मार्ग अंबाबरवा अभयारण्याजवळून जाणार असल्याने वन्यजीवांसाठी भुयारी वाटा आणि वेगमर्यादा यांचा विचार आराखड्यातच व्हायला हवा. नंतर कोर्टात जाऊन पुन्हा दहा वर्षे घालवणे कुणालाच परवडणारे नाही.

धुळघाटचा वळसा नकाशे, छायाचित्रे आणि मोजमापांसह नोंदवून ठेवावा. त्याची छोटी प्रतिकृती अकोट किंवा सोनाळ्याच्या नव्या स्थानकात मांडावी. त्या मार्गावर काम केलेल्या रेल्वे कामगारांच्या आठवणी ते हयात आहेत तोवर नोंदवून घ्याव्यात. घाट वाघांकडे राहू द्यावा, वाफ खामगावच्या फाट्यावर दिसू द्यावी आणि पायथ्याच्या गावांना वेळापत्रकात नाव मिळावे. या तीन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. एकीच्या नावाखाली दुसरी लांबवली गेली, तरच त्या आड येतील.