विश्लेषण : जुन्या लेथला सेन्सर लावला की कारखाना ‘स्मार्ट’ होतो का?

भोसरी, चाकण, वाळूज किंवा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत सध्या ‘स्मार्ट’ हा परवलीचा शब्द झाला आहे. मोठ्या वाहन कंपन्यांच्या प्लांटमध्ये रोबोट केव्हाच आले. आता प्रश्न त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांचा आहे. तिथे या तंत्रज्ञानाने नेमके काय बदलते आणि कुणाचे काय पणाला लागते?

‘इंडस्ट्री ४.०’ म्हणजे काय?

ही संज्ञा २०११ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर येथील औद्योगिक प्रदर्शनात पुढे आली. वाफ, वीज आणि संगणक या तीन टप्प्यांनंतरचा हा चौथा टप्पा मानला जातो. यात यंत्रे सेन्सर आणि इंटरनेटने जोडली जातात. यंत्र चालू आहे की बंद, किती तापले, किती जॉब निघाले, ही माहिती त्याच क्षणी स्क्रीनवर दिसते. एरवी हीच माहिती सुपरवायझर शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये लिहितो, तीही बरीचशी अंदाजाने.

त्यासाठी नवी यंत्रे घ्यावी लागतात का?

नाही. वीस वर्षे जुन्या लेथच्या वीजपुरवठ्याच्या वायरभोवती करंट सेन्सर बसवला, तरी यंत्र काम करते आहे, नुसते फिरते आहे की बंद आहे, हे कळते. स्पिंडलजवळ कंपन मोजणारा सेन्सर लावला, तर बेअरिंग खराब होत असल्याची चाहूल ब्रेकडाऊनच्या आधी लागू शकते. ऐन ऑर्डरच्या वेळी यंत्र बंद पडण्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी बेअरिंग बदलणे केव्हाही स्वस्त.

हिशेब कसा बदलतो?

एक सोपे उदाहरण पाहू. आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटे. एका जॉबला दोन मिनिटे लागत असतील, तर २४० जॉब निघायला हवेत. यंत्र ९६ मिनिटे थांबून राहिले, म्हणजे १९२ उरले. वेग कमी पडल्याने प्रत्यक्षात १६० झाले. त्यातले आठ रिजेक्ट झाले. हाती आले १५२, म्हणजे क्षमतेच्या सुमारे ६३ टक्के. कारखान्यांच्या भाषेत याला ‘ओईई’ म्हणतात. दिवसभर यंत्रांचा आवाज चालू असल्याने मालकाला सगळे सुरळीत वाटते. आकडा मात्र वेगळेच सांगतो. नवे यंत्र घेण्यासाठी कर्ज काढण्याआधी आहे त्या यंत्राचा हा हिशेब पाहिला, तर कदाचित कर्जाची गरजच उरणार नाही.

मग अडचण कुठे?

यंत्र थांबले, हे सेन्सर सांगतो. का थांबले, हे मात्र ऑपरेटरच सांगू शकतो. कास्टिंग वेळेवर आले नाही, टूल तुटले, क्रेन मोकळी नव्हती की वीज गेली? बहुतेक यंत्रणांमध्ये हे कारण ऑपरेटरला बटण दाबून नोंदवावे लागते. थांबलेल्या प्रत्येक मिनिटाचा जाब त्यालाच विचारला जाणार असेल, तर तो सर्वांत सुरक्षित बटण दाबेल. मग महागडी यंत्रणाही जुन्या रजिस्टरइतकीच खोटी ठरेल.

अशीच भीती कारखानदारालाही असते. आपला एका जॉबला लागणारा वेळ मोठ्या ग्राहक कंपनीला थेट दिसू लागला, तर पुढच्या वाटाघाटीत ती दर कमी करायला लावणार नाही, याची हमी कोण देणार?

सायबर हल्ल्यांचा धोका किती?

जोडलेला कारखाना बाहेरून बंदही पाडता येतो. १ मार्च २०२२ रोजी टोयोटाने जपानमधील सर्व १४ प्लांट एक दिवस बंद ठेवले. सुमारे १३ हजार गाड्यांचे उत्पादन रखडले. हल्ला टोयोटावर नव्हे, तर सुटे भाग पुरवणाऱ्या कोजिमा इंडस्ट्रीजवर झाला होता. २०२५ मध्ये टाटा समूहातील जॅग्वार लँड रोव्हरचे ब्रिटनमधील उत्पादन अशाच हल्ल्यामुळे सप्टेंबरभर ठप्प होते. त्याची झळ पुरवठादारांना बसली.

नोकऱ्या जाणार का?

उत्तर सरसकट नाही. जर्मनीतील अँबर्ग येथे सीमेन्सच्या कारखान्यात १९८९ पासून उत्पादन अनेक पटींनी वाढले, कामगारांची संख्या मात्र साधारण तेवढीच राहिली. पण तिथला कामगार आता वेगळे काम करतो. नुसते जॉब लावणे-काढणे एवढेच काम उरलेल्यांना धोका अधिक आहे. टर्नर-फिटरने डेटा वाचायला शिकणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

पुढे काय करायला हवे?

केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग’ उपक्रमात पुण्याच्या ‘सीफोरआयफोर’ केंद्राचा समावेश आहे. अशा केंद्रांची मदत दहा-वीस कामगारांच्या शेडपर्यंत पोहोचायला हवी. पुरवठादारांकडून डेटा मागणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी यंत्रणेचा आणि सायबर सुरक्षेचा खर्चही वाटून घ्यावा. तो डेटा दर पाडण्यासाठी वापरणार नाही, हे करारात लिहून द्यावे. हाच नियम कारखानदारानेही पाळावा. स्क्रीनवरचा आकडा ऑपरेटरला दिसावा, त्याने सांगितलेली अडचण सुटावी आणि वाढलेल्या उत्पादनाचा वाटा त्याच्या पगारात यावा. खरे कारण सांगणे ऑपरेटरच्या अंगलट येणार असेल, तर कितीही सेन्सर लावून कारखाना ‘स्मार्ट’ होणार नाही.