रोजीरोटी : भिंतीआडचे काम

मागच्या रविवारी आमचा भाचा जेवायला आला, पण त्याचे ताटात लक्ष नव्हते. हा मुलगा जोगेश्वरीत राहतो. घरात स्पीकर बसवणे, होम थिएटर लावणे, मोबाईलवरून दिवे, पंखे आणि पडदे चालतील अशी व्यवस्था करणे हा त्याचा सहा वर्षांचा धंदा. मुलुंडच्या एका नव्या इमारतीतले काम हातातून गेले होते. त्याचे कोटेशन २,६३,५०० रुपयांचे होते, दुसऱ्याने २,२०,००० सांगितले आणि ग्राहकाने त्याला होकार दिला.

बिर्याणीत चमचा फिरवत तो म्हणाला, “मामू, पुढच्या वेळी मीही वायर बारीक टाकतो. भिंतीत काय आहे ते कोण बघतंय?”

त्याचे अब्बा, म्हणजे आमचे दुल्हेभाई, शेजारीच बसले होते. त्यांनी आयुष्यभर वायरमनचे काम केले. हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. बोलले काहीच नाहीत. त्या दिवशी जेवण लवकर आटोपले.

आम्ही मात्र त्या वाक्यावर दोन-तीन दिवस विचार करत राहिलो. आपल्या समाजातली कितीतरी मुले आज याच प्रकारच्या कामांत आहेत. कोणी आयटीआय करून आलेला, कोणी चुलत्याच्या हाताखाली शिकलेला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या जुन्या सोसायट्या पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत आणि नव्या घरात राहायला येणाऱ्यांना या सोयी हव्या आहेत. काम भरपूर आहे. तरीही चांगले काम करणाऱ्याच्या हाती महिनाअखेर पैसा का उरत नाही, हा प्रश्न या मुलाच्या एकट्याचा नाही.

आधी भिंतीत काय असते ते पाहू. समजा, अॅम्प्लिफायरपासून मागच्या स्पीकरपर्यंत १५ मीटर वायर जाते. विजेला जाऊन परत यायचे असते, म्हणून हिशेब ३० मीटरचा. अडीच चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर असेल, तर या अंतरात पाव ओहमपेक्षाही कमी अडथळा येतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर टाकली, तर तो एक ओहमच्या वर जातो. स्पीकर स्वतः ८ ओहमचा असतो. म्हणजे स्पीकरसाठी निघालेल्या ताकदीचा सुमारे नववा हिस्सा भिंतीतच खर्च होतो. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायरही मिळते. दिसायला तशीच, पण अडथळा सुमारे दीडपट. शिवाय मुंबईच्या पावसाळी हवेत तिचे जोड लवकर खराब होतात.

दिव्यांचेही तसेच. जुन्या घरांत स्विचबोर्डापर्यंत बहुधा न्यूट्रल वायर आणलेलीच नसते. बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागते. नवीन वायर ओढायची म्हणजे एक दिवसाचे काम. ते टाळून न्यूट्रलशिवाय चालणारा स्विच बसवला, तर काही घरांत बंद केलेला एलईडी दिवाही मंद लुकलुकत राहतो. स्पीकरची वायर आणि २३० व्होल्टची वायर एकाच पाइपातून नेली, तर स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येण्याचा धोका असतो. यातले काहीही पैसे देताना दिसत नाही. सहा महिन्यांनी दिसते, तेव्हा वर रंग लागलेला असतो.

मग असे नीट काम करणाऱ्याला पैसे का मिळत नाहीत? कारण या धंद्यात कमाईची जुनी रीत डब्यांवरची होती. लॅमिंग्टन रोडवरून माल आणायचा, त्यावर आपला नफा धरायचा आणि बसवण्याचे काम “फ्री” म्हणायचे. ग्राहकाला मालाचा भाव ठाऊक नव्हता, तोवर ही रीत चालली. आज ग्राहक आपल्या समोर बसून मोबाईलवर तोच डबा शोधतो आणि तिथला भाव दाखवतो. डब्यावरचा नफा आटला, पण काम “फ्री” म्हणण्याची सवय तशीच राहिली. जी गोष्ट आपणच फुकट म्हणतो, तिची किंमत दुसरा कशी करेल?

हे आम्हाला कळले ते भाच्याच्या बायकोमुळे. घरातले हिशेब ती ठेवते. आम्ही बुधवारी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा तिने बोरिवलीच्या एका जुन्या कामाचे पान काढून दाखवले. माल २ लाखांचा, बिल २ लाख २० हजारांचे. वर उरले २० हजार. दोन माणसे नऊ दिवस राबली, दिवसाला २ हजार मजुरी, म्हणजे १८ हजार गेले. नंतर ग्राहकाने तीन वेळा बोलावले. कधी रिमोट चालत नाही, कधी वाय-फाय बदलले. प्रत्येक फेरीला अर्धा दिवस आणि दीड हजार रुपये. सगळे वजा केल्यावर अडीच हजारांचा तोटा.

“मामू, दीड आठवडा घाम गाळला आणि वरून आपलेच पैसे गेले,” ती म्हणाली. “तेव्हा मीच यांना सांगितलं की मजुरी वेगळी लावा. मुलुंडला तशी लावली, तर कामच गेलं.”

मुलुंडच्या कोटेशनमध्ये माल तेवढाच होता, २ लाख २० हजारांचा. त्यावर मजुरी ३१,५००, आराखडा आणि नकाशा ६ हजार, वर्षभराच्या चार फेऱ्यांचे ६ हजार. म्हणजे ४३,५०० रुपये कामाचे. नेमक्या तेवढ्याच रकमेने काम गेले होते. दुसऱ्याने ते काम फुकट धरले होते. आता तो ते कुठून भरून काढणार, हे आमच्या दुल्हेभाईंना विचारायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी दुल्हेभाई पहिल्यांदा बोलले. “बेटा, तू मजुरी लावलीस हे बरोबर केलंस. पण माल कमी का नाही केलास? त्या खोलीत एवढे डबे मावतात का?”

आम्हाला वाटते, या धंद्याची गुरुकिल्ली याच प्रश्नात आहे.

मुंबईतली खोली साधारण दहा बाय बाराची. बारा फूट म्हणजे सुमारे ३.६६ मीटर. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एवढ्या लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमत राहतो. दहा फुटांच्या बाजूला तेच ५६ हर्ट्झच्या आसपास होते. म्हणून अशा खोलीत मोठा सबवूफर लावला की सगळे संगीत एकाच सुरात धमधमते आणि शेजारी भिंत ठोकतात. त्यावर उपाय म्हणून आणखी महाग डबा विकता येतो. पण बऱ्याचदा सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला, सबवूफरची जागा बदलली, जाड पडदा आणि पुस्तकांचे कपाट योग्य जागी आणले, की निम्मा त्रास जातो. यात विकण्यासारखे काही नाही. यात लागते ती कारागिराची दोन तासांची मेहनत आणि त्याचे कान. फुकट द्यायची नाही अशी वस्तू या धंद्यात असेल, तर ती हीच.

आम्ही कागद घेतला आणि तिघांनी मिळून मुलुंडचेच कोटेशन पुन्हा मांडले. छतातले चार स्पीकर काढले, एक वूफर काढला. माल १ लाख ६० हजारांचा झाला. त्यावर दहा टक्के नफा धरून १ लाख ७६ हजार. त्यात कामाचे तेच ४३,५०० मिळवले. बेरीज २,१९,५००. दुसऱ्याच्या कोटेशनपेक्षा पाचशे रुपयांनी कमी! मजुरी आणि चार फेऱ्यांचा खर्च वजा जाता मुलाच्या हाती ३५,५०० उरतात. ग्राहकाच्या घरी डबे कमी, पण आवाज चांगला आणि भिंतीतली वायर पूर्ण जाडीची. शिवाय छतापर्यंत एक रिकामा पाइप दोरी घालून ठेवलेला, म्हणजे उद्या स्पीकर वाढवायचे ठरले किंवा केबलची नवी आवृत्ती आली, तरी भिंत फोडावी लागणार नाही.

नफा आणि कारागिरी यांचे भांडण आहे असे आपण धरून चालतो. खरे भांडण कारागिरी आणि डब्यांच्या संख्येचे आहे. बजेट ठरलेले असते. त्यात डबे वाढले की काम कापले जाते. म्हणून कापायचेच असेल तर माल कापा, काम कापू नका, आणि ग्राहकाला ते तोंडावर सांगा.

दुनियेतही याचे उदाहरण आहे. अमर बोस हे नाव स्पीकरवर आपण वाचतो. त्यांचे वडील ननी गोपाल बोस बंगालचे, स्वातंत्र्यलढ्यामुळे इंग्रजांच्या डोळ्यांत आलेले आणि अमेरिकेत जाऊन राहिलेले. दुसऱ्या महायुद्धात घरची कमाई आटली, तेव्हा किशोरवयीन अमर घरीच रेडिओ दुरुस्त करू लागला. पुढे प्राध्यापक झाल्यावर त्यांनी १९६४ मध्ये कंपनी काढली. १९६६ चा पहिला स्पीकर फारसा चालला नाही. १९६८ चा चालला. त्यांनी कंपनी शेअर बाजारात नेली नाही, नफा संशोधनात घातला आणि २०११ मध्ये बहुतांश शेअर आपल्या विद्यापीठाला देऊन टाकले. त्यांच्या लेखी नफा म्हणजे पुढचे काम नीट करण्यासाठी विकत घेतलेला वेळ होता. भाच्याच्या ३५,५०० रुपयांचेही तसेच आहे. त्यातूनच चांगले मीटर येईल, हाताखालच्या मुलाचा पगार वेळेवर जाईल आणि गोरेगावच्या पाम एक्स्पोत दिवसभर नवे काम पाहायला जाता येईल.

उलट उदाहरणही आहे. रिव्हॉल्व्ह नावाचे घर चालवणारे यंत्र अमेरिकेत लोकांनी पैसे देऊन घेतले. २०१६ मध्ये त्यामागची इंटरनेट सेवा बंद झाली आणि यंत्र निकामी झाले. २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर अचानक बंद पडले. म्हणून कारागिराने स्वतःला विचारावे: नेट गेले तरी या घरातला दिवा भिंतीवरच्या बटणाने लागेल का? घरातल्या दादीला मोबाईलशिवाय पंखा लावता येईल का? याचे उत्तर “हो” नसेल, तर ते काम अपुरे आहे, मग पडद्यावर ते कितीही झगमगो.

कायद्यानेही कारागिरीला मोल दिले आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दिसला, तर बिल्डरने तो आपल्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. हा नियम भाच्यासारख्या लहान व्यावसायिकासाठी नाही. पण भिंतीआडच्या कामाची हमी आपण होऊन लिहून देणाऱ्याला दुसरी जाहिरात लागत नाही.

आणि आपल्याला तर याहून जुनी शिकवण आहे. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी विक्रेत्याला विचारले होते की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. भिंतीतली वायर म्हणजे राशीच्या आतले धान्य. ग्राहकाला तिथे हात घालता येत नाही, म्हणूनच ती आपल्याकडे अमानत असते.

एक गोष्ट घर बांधणाऱ्या, घर सजवणाऱ्या वाचकांसाठी. आपणही या व्यवहारात आहोत. कोटेशन हातात आले की फक्त शेवटची रक्कम पाहू नका. वायर किती जाडीची आणि कशाची, हे लिहून मागा. रंग लागण्याआधी भिंतीतल्या पाइपांचे फोटो घ्या. काम संपल्यावर कोणती वायर कुठून गेली याचा नकाशा मागा. वर्षभरात किती फेऱ्या आणि कोणत्या दराने, हेही कागदावर येऊ द्या. आणि मजुरी वेगळी लिहिणाऱ्यावर रागावू नका. तो तुम्हाला काहीतरी उघड करून दाखवतो आहे. “घरचाच मुलगा आहे, कमी कर” म्हणणे आपल्याला फार सोपे जाते. पण घरच्याच मुलाने हलाल रोजी कमवावी असे वाटत असेल, तर त्याच्या मेहनतीचे पैसे घरच्यांनीच आधी द्यायला हवेत.

परवा भाच्याचा फोन आला. घाटकोपरच्या एका कुटुंबाला त्याने नव्या रीतीने कोटेशन दिले होते. डबे कमी, काम पूर्ण, सगळे उघड. त्या घरच्या अम्मींनी दोन दिवस मागून घेतले आहेत. होकार येईल की नाही, अल्लाह जाणे.

“अब्बांना दाखवलंस का?” आम्ही विचारले.

“दाखवलं. त्यांनी कागद वाचला आणि वायरच्या जाडीखाली पेनाने रेघ मारली. म्हणाले, उद्या सकाळी लॅमिंग्टन रोडला मीही येतो, वायर मी निवडून देतो.”