चांदोलीच्या वाटा कोणाच्या?

शिराळ्याहून वारणेच्या खोऱ्याने पश्चिमेला निघालेला रस्ता चांदोली धरणापाशी येतो आणि तेथून पुढे वनखात्याच्या परवान्याचे राज्य सुरू होते. पलीकडे झोळंबीचा सडा आहे, कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाहून एक वाघीण येथे आणून सोडण्यात आली. तेव्हापासून या वाटा उघडाव्यात की मिटवाव्यात, हा प्रश्न अधिकच नाजूक झाला आहे.

या वाटा मुळात आखल्या त्या लाव्हारसाने. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो थरावर थर पसरत गेला. ज्वालामुखीचा शंकू येथे शोधू नये, सापडणार नाही. कठीण काळ्या पाषाणाचा कडा, मग मऊ तांबडा पट्टा, पुन्हा कडा, अशा पायऱ्या पडल्या. गुरे आणि गुराखी कड्याला भिडत नाहीत; ते पायरीच्या सपाटीवरून आडवे जातात आणि ओघळीने कडा फुटला असेल तेथून वर चढतात. पिढ्यान्‌पिढ्या असे चालून वाट पडते. माथ्यावर जांभ्याचा सडा. त्यावर माती बोटभर. कासचा वायतुरा आणि टोपली कारवी अशाच मातीवर जगतात. शंभर बुटांनी ती किती लवकर निघून जाते, हे ज्याने पाहिले आहे तो सरसकट 'वाटा खुल्या करा' म्हणणार नाही.

परंतु वाटा पाडणारी माणसे गेली कोठे? १९८५ मध्ये चांदोली अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये कोयनेसह व्याघ्रप्रकल्प. गावे उठली आणि सपाटीवरच्या वसाहतींत गेली. जमीन व नागरी सुविधांसाठी तेथील माणसांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. आज त्याच डोंगरात शहरातला गिर्यारोहक शुल्क भरून जातो. ज्याच्या आजोबाने ती वाट तुडवली, त्याला मात्र आपल्या ग्रामदेवतेकडे जायलाही परवानगी मागावी लागते.

साताऱ्याकडे दोन धडे आहेत. वासोट्याला बामणोलीहून लाँचने जावे लागते, रानात मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात वाट बंद असते. तरीही जाणाऱ्यांचा उत्साह कमी झालेला नाही. कासचे पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले. तेथील गर्दी आवरण्याचे काम आसपासच्या गावांची समिती करते. कासचे सारे आलबेल आहे असे नाही. पण निदान पैसा आणि जबाबदारी गावात राहते.

चांदोलीत मोजक्याच वाटा, ठरावीक माणसे आणि सोबत विस्थापित कुटुंबांतला वाटाड्या एवढे करता येईल. अडचण अंतराची आहे. वसाहती डोंगरापासून दूर, आणि ज्याच्या जमिनीचा हिशेब अजून मिटलेला नाही, त्याला 'वाटाड्या हो' असे कोणत्या तोंडाने सांगणार? त्या फायली आधी निकालात काढाव्या लागतील.