पुढचं सांगू नकोस, आपा



गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीने फोनवर तक्रार केली. तिची जाऊ आणि ती एकच मालिका बघतात. जाऊ रात्री जागून चार-चार भाग संपवते आणि सकाळी ओट्याशी उभी राहून सगळं सांगून टाकते. “भांडावं इतकी मोठी गोष्ट नाही, पण जीव जळतो,” असं ती म्हणाली. मला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं, कारण आमच्या घरात ती जाऊ म्हणजे मी होते.

टीव्ही बघावा की नाही, किती बघावा, हा वाद आज मी काढणार नाही. त्यावर या मासिकात बरंच लिहून आलं आहे. घरात बघितलं जातं हे धरून पुढे बोलू.

२०२० चा रमजान आठवा. मशिदी बंद, तरावीह घरात, इफ्तारला शेजारी ताट पाठवायचीही भीती. त्याच रमजानमध्ये पाकिस्तानच्या पीटीव्हीने ‘एर्तुग्रुल’ ही तुर्की मालिका उर्दूत दाखवायला सुरुवात केली आणि यूट्यूबवरून ती आपल्याकडच्या मोबाइलवर आली. आमच्या गावी कोकणात अब्बा-अम्मी, इकडे पनवेलला आम्ही आणि कुवेतला माझी धाकटी बहीण, अशा तीन घरांत ती एकदमच शिरली. विमानं बंद होती. बहीण तिथे एका इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला, तिचं येणं अनिश्चित. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आमची तरावीह आटोपते तेव्हा तिकडे नुकता इफ्तार होत असतो. त्यामुळे एकत्र बसून बघणं शक्यच नव्हतं. अब्बा सहरीनंतर बघायचे, कारण तेव्हा गावात रेंज बरी असते. मी दुपारी बघायची. बहीण ड्युटीवरून आल्यावर, तिच्या मध्यरात्री. पण तिघांचं एक ठरलेलं होतं. भाग बघून झाला की फॅमिली ग्रुपवर दोन ओळी लिहायच्या आणि जुम्म्याच्या दिवशी फोनवर सविस्तर बोलायचं.

गडबड माझ्या मुलाने केली. तेव्हा तो अकरावीत होता आणि त्याला रोज एका भागावर थांबणं जमेना. त्याने मूळ तुर्की भाग इंग्रजी सबटायटलसह शोधून काढले आणि पाहता पाहता दोन सीझन पुढे गेला. मी भाजी निवडत त्याच्या शेजारी बसायची. तुर्कीही कळत नाही आणि इंग्रजी अक्षरं पळतात, पण कोण मेलं हे कळायला भाषा लागत नाही.

एका रात्री बहिणीने ग्रुपवर लिहिलं की अमुक एक जण तिला फार आवडू लागला आहे, अगदी आपल्या मामूंसारखा बोलतो. मी उत्तर लिहिलं, “फार जीव लावू नकोस गं, थोड्या दिवसांचा पाहुणा आहे.” आणि पुढे डोळा मारणारा चेहरा. मला वाटलं मी काहीच सांगितलं नाही. नाव घेतलं नाही, प्रसंग सांगितला नाही. वर स्वतःचं कौतुकही वाटलं की बघा, कसं मोघम लिहिलं.

त्यानंतर बहिणीने ग्रुपवर लिहिणं बंद केलं. पहिल्या जुम्म्याला फोन आला नाही. मी केला, तर “कामात आहे, नंतर करते.” दुसऱ्या जुम्म्यालाही तेच. मला आधी काळजी वाटली, मग राग आला. एवढ्याशा नाटकावरून कुणी रुसतं का? शेवटी ईदच्या दिवशी बोलणं झालं आणि मी तेच विचारलं. ती भांडली नाही. शांतपणे म्हणाली, “आपा, मी दिवसभर नमुने तपासते. संध्याकाळपर्यंत कोण वाचलं, कोण गेलं, हेच कानावर येतं. तो पाऊण तास एवढाच असा होता की पुढे काय होणार ते मला ठाऊक नसायचं. आता तो माणूस पडद्यावर आला की मी नुसती मोजत बसते.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. तिने माफ केलं, पण तो माणूस तिला परत अनोळखी करून देणं माझ्या हातात नव्हतं. पैसे घेतले तर परत करता येतात, बोललेलं शब्द परत घेऊनही ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहतंच.

माझे यजमान हिशेबी माणूस. त्यांचं म्हणणं, शेवट कळल्याने काही बिघडत नाही. तसं म्हणायला त्यांना आधारही आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा सरासरी जास्तच आवडल्या. पुढे इतर अभ्यासकांना याच्या उलट निष्कर्षही मिळाले, म्हणजे प्रश्न मिटलेला नाही. पण मी यजमानांना वेगळंच म्हटलं. शेवट आधी कळून कुणाला मजा येत असेलही, तरी ते ठरवायचं त्याने. बिर्याणी आपल्याला तिखट आवडते म्हणून पाहुण्याच्या ताटात विचारल्याशिवाय मिरची टाकत नाही आपण.

शेवट माहीत असूनही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सूरह यूसुफ आपण लहानपणापासून ऐकतो. अल्लाहने तिला सर्वांत उत्तम किस्सा म्हटलं आहे. तिच्या सुरुवातीलाच हजरत यूसुफ (अ.) यांचं स्वप्न येतं आणि अखेरीस ते खरं होतं. सगळं ठाऊक असून विहिरीचा प्रसंग आला की काळजात कालवतं. कुठे अल्लाहचं कलाम आणि कुठे या मालिका, तुलना करायचीच नाही. पण त्याच सूरहमध्ये एक गोष्ट मला या प्रकरणानंतर वेगळ्याने जाणवली. हजरत याकूब (अ.) स्वप्न ऐकून मुलाला पहिली ताकीद देतात ती हीच, की हे भावांना सांगू नकोस. बात खरी होती, चांगली होती, तरीही ती कुणाला सांगायची नाही हे वडिलांनी आधी पाहिलं. तिथे कारण हसद होतं, आपल्या घरात तसं काही नाही. पण ऐकणारा कोण हे पाहून बोलावं, एवढं तर मला घेता येईल.

आमच्या लहानपणी ही अडचणच नव्हती. रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागायचं. पटकथा-संवाद राही मासूम रझांचे, हे अब्बा दर रविवारी न चुकता सांगायचे. आमच्या आळीत एकच टीव्ही. हिंदू-मुसलमान सगळे त्याच ओटीवर. जे काय कळायचं ते सगळ्यांना एकाच मिनिटाला कळायचं. वीज गेली तर सगळ्यांचीच जायची. आता घरातल्या घरात चार माणसं चार ठिकाणी पोचलेली असतात.

त्यात ‘एर्तुग्रुल’सारख्या मालिकेची आणखी एक खोच आहे. तिचे मूळ तुर्की भाग दीडशे, प्रत्येक जवळजवळ दोन तासांचा. नेटफ्लिक्सवर तेच तोडून ४४८ केलेले. उर्दूतही असेच तोडलेले भाग. पहिला सीझन मुळात २६ भागांचा, इकडे ७६ चा. म्हणजे मुलगा म्हणतो “मी तिसाव्या भागावर आहे” तेव्हा तो दुसऱ्या सीझनमध्ये पोचलेला असतो आणि अब्बा म्हणतात “मीही तिसाव्यावर” तेव्हा ते पहिल्याच्या अर्ध्यातही नसतात. एकदा दोघं याच गैरसमजात पाच मिनिटं बोलले आणि अब्बांना तीन लढायांचे निकाल फुकट मिळाले. तेव्हापासून आमच्याकडे भागाचा आकडा कुणी सांगत नाही. शेवटचा पाहिलेला प्रसंग सांगायचा, “घोडा पळाला तिथवर”, “वलीमा झाला तिथवर”. मग समोरच्याने ठरवायचं.

ईदनंतर आम्ही घरात काही गोष्टी ठरवल्या. बोलण्याआधी विचारायचं, “कुठवर पोचलात?” दस्तरखानावर सगळ्यांनी पाहिलेलंच बोलायचं. ज्यांचं संपलं आहे त्यांचा वेगळा ग्रुप, तिथे हवं ते लिहा. आणि मी स्वतःसाठी एक जास्तीची बंदी घातली, ती इशाऱ्यांवर. “मी काही सांगत नाही, पण रुमाल जवळ ठेव,” “बघच तू, उद्या कळेल,” असली वाक्यं म्हणजे अर्धी उघडी पेटी. माणूस उरलेली स्वतः उघडतो. मोबाइलच्या स्टेटसलाही हेच लागू. शेवटच्या भागाचा फोटो आणि खाली रडका चेहरा टाकला तर न वाचणाऱ्यालाही कळतं. यूट्यूब तर स्वतःच चुगलखोर आहे. एक भाग संपला की शेजारी पुढच्या तिसाव्या भागाचं चित्र दाखवतं, कधी जनाज्यासकट. अब्बांच्या मोबाइलवर मुलाने पाहायचे भाग क्रमाने एका यादीत घालून दिले, आणि बाजूची चित्रं बघायची नाहीत अशी तंबी दिली. अब्बा चष्मा काढून पुढचा भाग लावू लागले. अम्मी अजून हसतात त्यावर.

पोरांचा एक प्रकार मात्र मी सक्तीने बंद केला. धाकटीला भाऊ धमकी द्यायचा, “पाणी आणून दे, नाहीतर सांगतो कोण गद्दार निघतं.” दिसायला थट्टा, पण रोज त्या जोरावर काम करून घ्यायचा तो. दुसऱ्याची ठेव हातात धरून त्याला नाचवणं थट्टेतही बरं नाही.

आता मागे राहणाऱ्यांविषयीही बोललं पाहिजे, कारण सगळा दोष पुढे गेलेल्यांचा नसतो. आमचे नंदोई आहेत. २०२० मध्ये सुरू केलेली मालिका त्यांची अजून पहिल्या सीझनमध्ये आहे आणि कुणी तुर्कीचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवतात. सगळ्या घराने वर्षानुवर्षं गप्प राहायचं हे काही खरं नाही. रोज येणाऱ्या मालिकेला माझ्या मते दोन दिवस पुरेत. सगळे भाग एकदम येतात त्या मालिकेला महिनाभर तोंड बंद ठेवावं. त्यानंतर ज्याला ऐकायचं नाही त्याने उठून अंगणात जावं. आणि इतिहास हा काही कुणाचा गुपित ठेवा नाही. एर्तुग्रुलचा मुलगा उस्मान, त्याच्या नावाने उस्मानी सल्तनत, हे शाळेच्या पुस्तकात आहे. पुढच्या मालिकेचं नावच ‘कुरुलुश उस्मान’. ते सांगितलं म्हणून कुणी रुसू नये.

आणि कधी कधी सांगणं हेच हवं असतं. त्या हिवाळ्यात अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस डोळ्यांना ताण नको म्हटलं, अम्मींनी मोबाइलच काढून घेतला. अब्बा बेचैन. तेव्हा बहिणीने कुवेतहून रोज फोन करून त्यांना भाग सांगायला सुरुवात केली. ती तोवर पुष्कळ पुढे गेली होती. पण रोज एकच भाग, क्रमाने, कोण कसा बसला, कोणती तलवार, तंबूत काय शिजत होतं, सगळं. अब्बा मध्येच विचारत, “पुढे तो वाचतो का रे?” (मुलींनाही ते “रे” म्हणतात.) ती म्हणायची, “उद्या, अब्बा.” एकदा मी विचारलं, अगं ते स्वतःच विचारतात तर सांगून टाक की. ती म्हणाली, “ते शेवट विचारत नाहीयेत. उद्या फोन येणार का, ते विचारतात.”

पट्टी निघाल्यावरही तो फोन महिनाभर चालू राहिला. अब्बांनी डोळे बरे झाल्याचं तिला जरा उशिराच सांगितलं, असा अम्मींचा संशय आहे.

फोन करणाऱ्या त्या भगिनीला माझं एवढंच सांगणं, जावेशी भांडू नका आणि मनात जळतही बसू नका. ओट्याशी उभं असतानाच, ती सुरू करायच्या आत म्हणा, “भाभी, मी अजून लग्नापर्यंतच आले आहे, तिथवरचं बोलू या का?” जावेला बोलायची भूक आहे, नाहीतर सकाळी सकाळी ती तुमच्यापाशी आली नसती. माझीही तीच भूक होती. मला तेव्हा कुणी आधी विचारलं असतं तर मी थांबले असते, असं वाटतं.

बहीण आता सुट्टीवर येणार आहे, इन्शाअल्लाह. शेवटच्या सीझनचे अकरा भाग तिचे अजून राहिले आहेत, मुद्दाम ठेवलेत, अब्बांजवळ बसून बघायला. हे मासिक तिच्याकडेही जातं, म्हणून वर कुठेही कुणाचं नाव लिहिलेलं नाही.