चर्चच्या अंगणातले तंबू



आमचा एक भाचा अमेरिकेत सिएटल शहराजवळ संगणकाच्या नोकरीत आहे. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी जयभीम झाला, ख्यालीखुशाली झाली, तरी त्याच्या बोलण्यात नेहमीचा मोकळेपणा नव्हता. शेवटी म्हणाला, "मामा, आमच्या रस्त्याच्या टोकाला चर्च आहे. त्यांच्या पटांगणात बेघर माणसांचे तंबू पडणार आहेत. शेजारचे लोक विरोधाचा अर्ज घेऊन दारात आले होते. सही करू का? घरात लहान पोर आहे हो."

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. आम्ही पडलो कारकून. पूर्ण कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायची नाही, ही वीस वर्षांची सवय. "आठ दिवस थांब," एवढेच म्हणालो. त्या आठ दिवसांत आम्ही जे वाचले आणि समजून घेतले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सिएटल हे नाव आपल्या वाचकांना नवीन नाही. जातीच्या नावाने होणाऱ्या भेदभावावर कायद्याने बंदी घालणारे अमेरिकेतले ते पहिले शहर. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील नगर परिषदेने तो कायदा मंजूर केला. ठराव मांडणाऱ्या सदस्या क्षमा सावंत या जन्माने पुण्याच्या. त्या बातमीने आपल्या घराघरात आनंद झाला होता. त्याच शहरात आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे रात्री उघड्यावर झोपतात, हे मात्र आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

सिएटल ज्या किंग काउंटीत म्हणजे जिल्ह्यात येते, तेथे २०२४ च्या गणनेत १६,८६८ माणसे बेघर आढळली. दोन वर्षांपूर्वी, २०२२ मध्ये, हा आकडा १३,३६८ होता. नोव्हेंबर २०१५ मध्येच शहराने आणि जिल्ह्याने या प्रश्नावर आणीबाणी जाहीर केली होती. तरी आकडा चढतच गेला. कारण समजायला फार शिक्षण लागत नाही. मोठमोठ्या संगणक कंपन्या आल्या, भरपूर पगाराची माणसे आली, घरे तेवढी वाढली नाहीत, भाडी मात्र वाढली. ज्याचा पगार भाड्याला पुरेना, तो आधी मित्राच्या घरी, मग मोटारीत आणि मग फुटपाथवर. यातले कितीतरी लोक रोज कामावर जाणारे असतात.

या तंबूंची सुरुवात बेघरांनी स्वतः केली. नोव्हेंबर १९९० मध्ये, कडाक्याच्या थंडीच्या तोंडावर, सिएटलच्या किंगडोम या तेव्हाच्या क्रीडागृहाजवळ त्यांनी तंबू ठोकले. त्या लढ्यातून 'शेअर' ही बेघरांचीच संघटना उभी राहिली. पुढे बेघर स्त्रियांची 'व्हील' ही संघटना तिच्या जोडीला आली. १९९८ ची दुसरी छावणी शहराने उठवली. २००० साली तिसरी उभी राहिली. तिचे नाव 'टेंट सिटी तीन', म्हणजे तंबूंचे तिसरे शहर. सरकारी जागेवरून पोलीस उठवणार हे ठरलेले, म्हणून या लोकांनी चर्चचे आणि सामाजिक संस्थांचे दार ठोठावले.

ज्यांनी दार उघडले, त्यांत 'एल सेंत्रो दे ला रासा' ही लॅटिनो समाजाची संस्था होती. ही संस्था मोठी मनोरंजक आहे. १९७२ साली या समाजाच्या लोकांनी बंद पडलेल्या शाळेची रिकामी इमारत ताब्यात घेतली, थंडीत तिथे ठाण मांडले आणि आपले केंद्र उभारले. जागेसाठी स्वतः झगडलेल्या माणसांनी तंबूवाल्यांना जागा दिली. शहराने परवाना नाकारला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००२ मध्ये समझोता झाला. खाजगी जागामालकाची संमती असेल तर छावणी राहील, पण माणसे जास्तीत जास्त शंभर आणि एका जागी मुक्काम तीन महिने. तीन महिने झाले की तंबू, भांडी, अंथरूण-पांघरूण सगळे गाडीत घालायचे आणि पुढच्या चर्चच्या अंगणात जायचे.

२००४ साली शहराबाहेरच्या पूर्वेकडील गावांसाठी 'टेंट सिटी चार' निघाली. तिचा पहिला मुक्काम बॉथेल गावातल्या सेंट ब्रेंडन या कॅथलिक चर्चच्या आवारात पडला. तिथून खरी लढाई सुरू झाली, कारण ही सुखवस्तू घरांची वस्ती. वुडिनव्हिल नावाच्या गावात 'नॉर्थशोअर युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट' या चर्चने २००६ मध्ये छावणीसाठी परवानगी मागितली. गावच्या नगरपालिकेने त्या भागातील जमीन-वापराचे अर्ज घेणेच काही काळ थांबवले होते. त्यामुळे "नाही" म्हणायचीही गरज पडली नाही. अर्जच विचारात घेतला नाही. कचेरीत आयुष्य घालवलेल्या आम्हाला ही युक्ती चांगली ओळखीची आहे! खालच्या दोन्ही न्यायालयांनी नगरपालिकेची बाजू घेतली. चर्चने माघार घेतली नाही. जुलै २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. अर्ज विचारातच न घेणे हा राज्यघटनेने दिलेल्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे, असे न्यायालयाने ठरवले.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. गरजू माणसाला अंगणात आसरा देणे हे या चर्चने आपल्या धर्माचरणाचाच भाग मानले आणि न्यायालयाने ते म्हणणे मान्य केले. आपल्याकडे धर्मस्वातंत्र्य म्हटले की मिरवणूक आणि कर्णा डोळ्यांपुढे येतो. तिकडे एका चर्चने तेच कलम पुढे करून बेघरांच्या तंबूला जागा मिळवली.

२०१० साली राज्याने कायदाच केला. धार्मिक संस्थेला आपल्या आवारात बेघरांची तात्पुरती छावणी ठेवता येईल, आरोग्य आणि सुरक्षिततेपुरत्या आवश्यक अटींपलीकडे स्थानिक सरकारने तिची अडवणूक करू नये. २०२० मध्ये या कायद्यात भर पडली. मोटारीत राहणाऱ्यांना चर्चच्या वाहनतळावर रात्री गाडी लावू देण्याची सोयही त्यात आली. त्याचबरोबर छावणी येण्यापूर्वी शेजाऱ्यांसाठी खुली सभा घेण्याचे बंधनही आले.

या कायद्याची किंमत अलीकडे अधिक कळते. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या ओरेगॉन राज्यातील ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात निकाल दिला की, सार्वजनिक जागी झोपणाऱ्याला दंड करणे घटनाबाह्य नाही. म्हणजे झोपायला घर नाही आणि रस्त्यावर झोपला तर दंड. अशा वेळी चर्चचे अंगण ही एक उरलेली जागा आहे.

आता छावणी चालते कशी ते पाहू. तंबू ओल्या जमिनीवर नको म्हणून खाली लाकडी पॅलेट टाकतात, कारण तिकडे हिवाळाभर रिपरिप पाऊस. एक तंबू स्वयंपाकाचा, एक कार्यालयाचा. फिरते संडास आणतात. चर्चचे लोक आणि शेजारी आळीपाळीने जेवण आणून देतात. पण कारभार चर्चचा नाही आणि सरकारचाही नाही. कारभार राहणाऱ्यांचा. सभा भरते, पदाधिकारी निवडले जातात. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, शस्त्र नाही, मारामारी नाही. दाराशी चोवीस तास पहारा, आणि तो पहारा राहणाऱ्यांनीच पाळीने करायचा. नियम मोडला तर काढण्याचा निर्णयही त्यांचाच.

सरकारी निवाऱ्यात जागा असेल तर तंबू कशाला, असे कोणी विचारील. कितीतरी निवाऱ्यांत सकाळी बाहेर काढतात आणि सामान पाठीवर घेऊन दिवसभर हिंडावे लागते. पाठीवर बोचके घेऊन कामावर कोण ठेवील? नवरा-बायकोला पुष्कळ ठिकाणी वेगळे झोपावे लागते. तंबूत सामान ठेवता येते, जोडप्याला एकत्र राहता येते, रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा झोपता येते. आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी की, जागेच्या बदल्यात प्रार्थनेला बसण्याची सक्ती नाही. भाकरीबरोबर प्रवचन गिळावे लागले की ती भाकरी घशाखाली कशी उतरते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आता जमा बाजू झाली, नावे बाजूही लिहिली पाहिजे. तंबू म्हणजे घर नव्हे. दर तीन-चार महिन्यांनी बिऱ्हाड हलवायचे म्हणजे नोकरी, दवाखाना, बसचा रस्ता सगळे बदलायचे. आणि आकडा तर डोळ्यांपुढे आहे. शंभर-शंभर माणसांच्या छावण्या धरल्या, तर १६,८६८ माणसांना सुमारे १६९ छावण्या लागतील. घरे बांधणे हे सरकारचे काम. चर्चने अंगण दिले म्हणून सरकारने हात झटकू नयेत. आणि शेजाऱ्यांची भीतीही खोटी म्हणून उडवून लावू नये. लहान मुले सर्वांनाच असतात. पण भीतीला उत्तर असते ते नियमाने आणि ओळखीने. सही करून माणसे हाकलल्याने ती माणसे नाहीशी होत नाहीत, फक्त आपल्या खिडकीतून दिसेनाशी होतात.

आठ दिवसांनी फोन आला. आम्ही वरचे सगळे सांगितले. मग म्हणालो, "बाळा, आता घरची गोष्ट ऐक. १९७२ च्या दुष्काळात तुझे आजी-आजोबा गाव सोडून मुंबईला आले. तुझी आई तेव्हा एक वर्षाची. रेल्वेच्या भिंतीला ताडपत्री बांधून त्यांनी दोन पावसाळे काढले. समोरच्या चाळीतल्या लोकांनीही अर्ज केला होता. ही घाण उठवा म्हणून. त्या अर्जावर कोणाकोणाच्या सह्या होत्या ते तुझ्या आजीला शेवटपर्यंत पाठ होते. आणि ज्या एका बाईने सही केली नाही, तिचेही नाव पाठ होते. तुझ्या आईला ती बाई रोज पेलाभर दूध द्यायची."

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भाचेसुनेचा आवाज आला, "मामा, हे आम्हाला कोणी कधी सांगितलंच नाही."

खरेच होते. आपणच सांगितले नाही. पोरांनी पुढे पाहावे म्हणून मागचे झाकून ठेवले.

त्याने सही केली नाही. दोघे शेजाऱ्यांच्या सभेला गेले. तिथे गरम डोक्याने बोलणारे पुष्कळ होते. छावणीतली एक प्रौढ बाई उठून एवढेच म्हणाली की आम्ही तुमच्याइतकेच थकून घरी येतो. छावणी आली. पावसातले तीन महिने राहिली. हे दोघे महिन्यातून दोनदा वरण-भाताची पातेली घेऊन जात. भाच्याने पहिल्या खेपेला सांगितले, "मामा, दाराशी पहाऱ्यावरच्या माणसाने आमचीच नोंद वहीत केली, वेळ लिहिली, सही घेतली. तुमच्या कचेरीसारखं." हे ऐकून आम्हाला फार बरे वाटले. ज्यांना लोक उपरे म्हणत होते, ते दाराचे मालक होते आणि आमचा भाचा पाहुणा होता. मुक्काम हलला त्या दिवशी पटांगण झाडून स्वच्छ केलेले होते. शेजारच्या दोन घरांतली माणसे तंबू गुंडाळायला आली होती. एकाने आधी अर्जावर सही केली होती.

वाचक बंधू-भगिनींनो, सिएटलची गोष्ट सिएटलची. आपल्या अडचणी वेगळ्या, जागा अपुऱ्या. पण ही गोष्ट लिहिताना आमचे लक्ष राहून राहून आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कुलपाकडे गेले. रविवारची वंदना आणि जयंतीचे दिवस सोडले तर ते कुलूप निघत नाही. मागच्या बाजूला इमारतीचे बांधकाम चालू आहे. तिथल्या मजुरांची बायका-मुले पावसाच्या रात्री उघड्या स्लॅबखाली बसून काढतात. आम्ही विहार समितीच्या येत्या बैठकीत विषय मांडणार आहोत. मुसळधार पावसाच्या रात्री सभागृह उघडावे, नियम त्यांनी आणि आपण मिळून ठरवावेत, नोंदवही ठेवावी. विरोध होईल, फरशी खराब होईल असे कोणी म्हणेल. फरशी पुसण्याची पहिली पाळी आमची, असे आम्ही लिहून देणार आहोत.

आपल्या वस्तीत किल्ली कोणाकडे आहे, एवढे या आठवड्यात विचारून पाहा.

जयभीम.